आधी गोल, मग घोळ



आज मी आपल्याशी फुटबॉलविषयी चार शब्द बोलणार आहे. गोल कसा करावा हे सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते गोल केल्यानंतर काय होते याबद्दल. सामना सुरू होऊन दहा मिनिटे होत नाहीत तोच आपल्या संघाने दोन गोल चढवले, मैदानाभोवतीची मंडळी नाचू लागली, कुणी गुलाल आणायला पळाले. आणि तासाभराने तोच संघ माना खाली घालून परतला, असा प्रसंग आपल्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. आमच्या कोल्हापूरकडे तर फुटबॉलचे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचे. शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांचे सामने असले की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात. तिथून परतणाऱ्या गर्दीत ‘दोन गोलांनी पुढं होते, आणि हरले की हो!’ हे वाक्य ऐकू आले नाही असा मोसम विरळा.

मी स्वतः इतिहासाचा प्राध्यापक. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवतो, आणि लहानपणापासूनची आवड म्हणून कॉलेजच्या संघाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका स्पर्धेत आमच्या पोरांनी पहिल्या बारा मिनिटांत दोन गोल केले. मी तर मनातल्या मनात करंडक कुठल्या कपाटात ठेवायचा ते ठरवूनसुद्धा टाकले! सामना संपला तेव्हा आम्ही दोनास तीन असे हरलो होतो. तिसरा गोल गोलरक्षकाच्या हाताला लागून आत गेला. मैदानाबाहेर येताना मी त्या मुलाला सगळ्यांच्या देखत म्हणालो, “एवढा सोपा चेंडू सुटतो कसा रे?” बस्स, एवढेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी तो मुलगा स्टाफरूमच्या दारात उभा. हातात जर्सी, धुऊन घडी घातलेली.

“सर, ही परत करायला आलोय.”

“का रे? काय झालं?”

“नको सर. माझ्यामुळं हरलो.”

मी त्याला बस म्हटले, पण तो बसला नाही. जर्सी टेबलावर ठेवून निघून गेला. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. हातात आलेला सामना जातो तो कुणामुळे जातो? आणि नेमका कधी जातो? इतिहासाच्या माणसाला जी सवय असते तीच मला कामी आली. जगातल्या काही नामांकित सामन्यांची हकिकत मी मिनिटामिनिटाने वाचून काढली. मिळाली तिथे जुनी चित्रफीतही पाहिली. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे मांडतो. आपल्या शाळेच्या, गावच्या संघाला त्याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

पहिली गोष्ट १९५४ सालची. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात ४ जुलै रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना होता, हंगेरी विरुद्ध पश्चिम जर्मनी. हंगेरीचा संघ म्हणजे त्या काळचा अजिंक्य संघ. १९५२ च्या ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्यांचे. १९५३ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर जाऊन त्यांनी इंग्लंडला सहास तीन असे हरवले होते. चार वर्षांत एकही अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ते हरले नव्हते. याच स्पर्धेत दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी याच जर्मनीवर आठ गोल चढवले होते. अर्थात त्या दिवशी जर्मन प्रशिक्षक हेर्बेर्गर यांनी आपले बरेचसे मुख्य खेळाडू बाहेरच ठेवले होते.

अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस पडत होता. सहाव्या मिनिटाला कर्णधार पुश्काशने पहिला गोल केला. आठव्या मिनिटाला जर्मनीच्या बॅकची आणि गोलरक्षकाची आपापसात गफलत झाली, चेंडू निसटला आणि चिबोरने तो जाळ्यात घातला. दोन शून्य! आठ मिनिटांत! त्या घटकेला सगळ्या युरोपात जर्मनी जिंकेल असे म्हणणारा माणूस शोधूनही सापडला नसता.

आणि दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला. डावीकडून आलेला चेंडू हंगेरीच्या खेळाडूला लागून वळला आणि मोरलॉकने पाय लांबवून तो आत ढकलला. अठराव्या मिनिटाला फ्रिट्झ वाल्टरने कॉर्नर घेतला. हंगेरीचा गोलरक्षक ग्रोसिच चेंडूसाठी वर उडाला, जर्मनीचा शेफरही त्याच्या अंगाशी उडाला, चेंडू दोघांनाही चुकवून पलीकडे गेला आणि तिथे मोकळ्या उभ्या असलेल्या रानने तो मारला. दोन-दोन. म्हणजे दोन गोलांची आघाडी दहा मिनिटेच टिकली.

आता इथे थोडे थांबून विचार करू. गोल झाल्यानंतर काय होते? नियमाप्रमाणे चेंडू मध्यभागी येतो आणि तो मिळतो कुणाला? ज्यांच्यावर गोल झाला त्यांना. म्हणजे आपण गोल केला की लगेच आपल्याच हाताने चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करावा लागतो. तो चिडलेला असतो, पेटलेला असतो. आपले काय झालेले असते? आघाडीची पोरे गोलापर्यंत धावून दमलेली. हाफसुद्धा मिठ्या मारायला पुढे गेलेले. मन प्रेक्षकांत. जागेवर परत आलो तरी ध्यान जागेवर आलेले नसते. त्यामुळे गोल केल्यानंतरची चार-पाच मिनिटे ही आपल्याला सर्वांत सुखाची वाटतात, पण तीच सर्वांत धोक्याची असतात. शेतकरी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. कणीस भरले म्हणजे धान्य घरात आले असे कुणी समजत नाही. उलट कणीस भरले की राखण सुरू होते, माळा बांधावा लागतो, गोफण हातात घ्यावी लागते. कणसे भरलेल्या शेतावरच पाखरे येतात.

हीच गत आपल्या भारतीय संघाचीही एकदा झाली. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये आपला संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोचला होता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. समोर युगोस्लाव्हिया. उत्तरार्ध सुरू झाल्यावर थोड्याच वेळात नेव्हिल डिसोझाने गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. हा गोव्यातल्या असगावचा. मुंबईत खेळून नाव मिळवलेला. उपान्त्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल केले होते. पण आघाडीचा आनंद काही मिनिटेच टिकला. युगोस्लाव्हियाने बरोबरी साधली, मग गोलांची रांग लागली आणि सामना एकास चार असा गेला. प्रतिस्पर्धी बलाढ्य होता यात शंका नाही. पण आघाडीनंतरचा पहिला धक्का सोसला गेला असता, तर पुढची झुंज अशी एकतर्फी झाली नसती असे वाटल्यावाचून राहत नाही.

तर पहिली चूक ही. गोलानंतर गाफील राहणे.

दुसरी चूक समजून घेण्यासाठी १९६६ सालच्या इंग्लंडमध्ये जाऊ. लिव्हरपूल शहरातले गुडिसन पार्क मैदान, २३ जुलै. उपान्त्यपूर्व सामना, उत्तर कोरिया आणि पोर्तुगाल. उत्तर कोरियाचा संघ विश्वचषकात पहिल्यांदाच आला होता. बांध्याने लहान, पण विजेसारखे चपळ गडी. त्यांनी आधीच्या फेरीत इटलीला एका गोलाने हरवून सगळ्या जगाला तोंडात बोट घालायला लावले होते. या सामन्यात तर त्यांनी कमालच केली. पहिल्याच मिनिटाला गोल. बाविसाव्या मिनिटाला दुसरा. पंचविसाव्या मिनिटाला तिसरा. तीन शून्य!

तीन गोलांनी पुढे असलेल्या संघाने काय करावे? कुणीही शहाणा माणूस सांगेल की जरा दम खावा, चेंडू आपल्याकडे ठेवावा, चार गडी मागे राखावेत, समोरच्याला धावू द्यावे. कोरियाचे वीर मात्र पहिल्या मिनिटाला जसे खेळत होते तसेच सव्विसाव्या मिनिटालाही खेळत राहिले. सगळे पुढे, सगळे धावते. हा खेळ डोळ्यांना फार गोड दिसतो. पण त्यात मागे मोकळे रान पडते. आणि समोर होता युसेबिओ. मोझांबिकमध्ये जन्मलेला, पोर्तुगालकडून खेळणारा, मोकळी जागा दिसली की घोड्यासारखा उधळणारा. सत्ताविसाव्या मिनिटाला त्याने पहिला गोल परत केला. त्यानंतरचे त्याचे वागणे बघण्यासारखे आहे. हात उंचावणे नाही, मिठ्या नाहीत. जाळ्यातला चेंडू उचलला आणि तो मध्यरेषेकडे धावत सुटला, जणू उशीर होतोय! मध्यंतराआधी पेनल्टीवर दुसरा. मध्यंतरानंतर छप्पन्नाव्या मिनिटाला तिसरा, म्हणजे बरोबरी. एकोणसाठाव्या मिनिटाला तो डाव्या बगलेने चेंडू घेऊन जो निघाला तो थेट गोलाजवळ पोचला. तिथे कोरियाच्या बचाव फळीने त्याला पाडले आणि पुन्हा पेनल्टी. चौथा गोल. शेवटी जोझे ऑगस्टोने पाचवा केला. पाच-तीन.

पोर्तुगालच्या पाचांपैकी दोन गोल पेनल्टीचे होते हे आपण ध्यानात घ्यावे. पेनल्टी कधी होते? बॅक उघडा पडला, एकटा राहिला, मागून धावू लागला की शेवटी त्याचा पाय जिथे पडू नये तिथे पडतो. पाहणारे म्हणतात, बॅकने पाडले. पण त्या बॅकला एकटा कुणी टाकले? पुढे गेलेल्या सातआठ जणांनी! गुन्हा एकाच्या पायाने घडतो, पण त्याची तयारी सगळ्यांनी मिळून केलेली असते. हे वाक्य शिक्षकांनी मनात ठेवावे अशी माझी विनंती आहे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

तेव्हा दुसरी चूक म्हणजे डाव बदलला तरी चाल न बदलणे. शून्य-शून्य असताना जो खेळ शोभतो तो तीन-शून्य असताना शोभेलच असे नाही.

पण मंडळी, याचा अर्थ असाही नव्हे की एक गोल झाला की अकराच्या अकरा जणांनी आपल्या गोलापुढे भिंत बांधून उभे राहावे. आपल्याकडे ही चूक फार होते. ‘आता फक्त सांभाळा रे!’ असे बाहेरून कुणीतरी ओरडतो. मग पोरे पाय येईल तिकडे चेंडू मारतात. तो प्रतिस्पर्ध्याला मिळतो, तो परत आणतो, आपण पुन्हा मारतो, तो पुन्हा आणतो. पाऊण तास असे केले तर एखादा चेंडू आत जाणारच. पूर्वी निदान एक सोय होती. बॅकने चेंडू गोलरक्षकाकडे सरकवायचा आणि त्याने तो हातात धरून वेळ काढायचा. १९९२ साली तो नियम बदलला. आपल्या गड्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू गोलरक्षकाला आता हाताने धरता येत नाही. म्हणून आघाडी सांभाळायची ती चेंडू फेकून नव्हे, तर चेंडू राखून.

मात्र चेंडू राखण्यातही एक मोह आहे, आणि तिसरी चूक तीच. १९७४ साली ७ जुलै रोजी म्युनिक शहरात अंतिम सामना झाला, हॉलंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. हॉलंडने सुरुवात केली आणि चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा फिरवत नेला. क्रायफ एकटा आत घुसला, त्याला पाडले आणि दुसऱ्याच मिनिटाला पेनल्टी. नेस्केन्सने गोल केला. तोवर जर्मनीच्या एकाही गड्याचा पाय चेंडूला लागला नव्हता. जाळ्यातून चेंडू काढताना गोलरक्षक मायरचा हात लागला तोच पहिला स्पर्श!

अशी सुरुवात मिळालेल्या संघाने दुसरा गोल करून सामना मुठीत घ्यायचा. हॉलंडचे गडी मात्र चेंडू नुसता खेळवत बसले. यजमानांना त्यांच्याच घरी नाचवण्यात त्यांना गंमत वाटू लागली. त्यांचाच एक खेळाडू जॉनी रेप याने पुढे हे मोकळेपणाने कबूल केले आहे. जर्मनांची थट्टा करण्याच्या नादात दुसरा गोल करायचा राहूनच गेला, असा त्याच्या सांगण्याचा भाव. पंचविसाव्या मिनिटाला जर्मनीला पेनल्टी मिळाली आणि ब्राइटनरने बरोबरी केली. त्रेचाळिसाव्या मिनिटाला गेर्ड म्युलरने दुसरा गोल केला. उत्तरार्धात हॉलंडने जिवाचे रान केले, पण गोल झाला नाही. एक-दोन अशी हार झाली. त्या पिढीचा हॉलंडचा खेळ जगात सर्वांत देखणा मानतात, पण विश्वचषक त्यांच्या घरी गेला नाही.

चौथी चूक थोडक्यात सांगतो. आपण पुढे असलो की आपल्याला काही बदलावेसे वाटत नाही. पण मागे पडलेला माणूस मात्र विचार करीत असतो. २००५ साली इस्तंबूल शहरात युरोपातल्या क्लबांचा अंतिम सामना झाला. इटलीचा मिलान संघ मध्यंतराला तीन-शून्य पुढे. समोर इंग्लंडचा लिव्हरपूल. मिलानचा काका नावाचा खेळाडू मधल्या पट्ट्यात मोकाट धावत होता, तिथूनच सगळा घात होत होता. लिव्हरपूलच्या प्रशिक्षकांनी, बेनितेझ यांनी, मध्यंतराला एक बॅक काढून त्या पट्ट्यात हामान नावाचा पहारेकरी उभा केला. दार बंद झाले. मग चौपन्नाव्या मिनिटापासून साठाव्या मिनिटापर्यंत, अवघ्या सहा मिनिटांत, लिव्हरपूलने तीन गोल केले आणि शेवटी पेनल्टीच्या फेरीत सामना जिंकला. सांगायचा मुद्दा असा की मध्यंतरात संत्र्याच्या फोडी खाताना जिंकत असलेल्या संघाच्या शिक्षकानेही स्वतःला विचारावे, ‘समोरचे मास्तर आता काय बदलतील?’

आता पुन्हा बर्नला येऊ, कारण ती गोष्ट आपण अर्धवट टाकली आहे. दोन-दोन झाल्यावर हंगेरीने हल्ल्यांवर हल्ले केले. चेंडू खांबाला लागला, आडव्या दांडीला लागला. जर्मन गोलरक्षक तुरेक याने अशक्य वाटणारे चेंडू अडवले. सहा मिनिटे उरली असताना हंगेरीच्या बोझिककडून शेफरने चेंडू हिसकला आणि गोलापुढे टाकला. हंगेरीच्या गड्याने तो डोक्याने परतवला, पण पुरेसा लांब गेला नाही. तो रानच्या पायाशी पडला. त्याने एक हुलकावणी दिली आणि डाव्या पायाने चेंडू कोपऱ्यात मारला. तीन-दोन. नंतर पुश्काशने एक गोल केला, पण रेषापंचांनी ऑफसाइडचा झेंडा दाखवला आणि तो धरला गेला नाही. त्या दिवशी जर्मनीत लाखो माणसे रेडिओला कान लावून बसली होती. हेर्बर्ट झिमरमान यांचे ते धावते वर्णन आजही तिकडे आवडीने ऐकले जाते. आपण आज रेडिओवरच बोलतो आहोत म्हणून हे मुद्दाम सांगितले.

इतिहासाचा माणूस म्हणून न्यायाने बोलले पाहिजे. हंगेरी हरली ती केवळ गाफीलपणामुळे असे म्हणणे बरोबर नाही. पुश्काशचा घोटा आधीच्या सामन्यात दुखावला होता आणि तो पूर्ण बरा झालेला नव्हता. त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडू घेण्याची सोयच नव्हती, ती १९७० साली आली. चारच दिवस आधी उरुग्वेविरुद्ध त्यांना जादा वेळ खेळावा लागला होता. पावसाने मैदान निसरडे झाले होते, आणि जर्मनांच्या बुटांचे स्टड मैदान पाहून बदलता येत होते. इतकी सगळी कारणे. पण ही कारणे पहिल्या मिनिटापासूनच होती ना? ती असतानाच हंगेरीने आठ मिनिटांत दोन गोल केले होते. जेव्हा पाय थकलेले आहेत, कर्णधार दुखावलेला आहे, तेव्हा मिळालेली आघाडी तर दुप्पट जपायला हवी होती.

आता या सगळ्यातून आपण काय घ्यायचे? आपली मैदाने म्हणजे कापणी झालेले रान नाही तर शाळेमागचे पटांगण. खांब बांबूचे. पण पुढे सांगतो त्या गोष्टींना पैसा लागत नाही.

एक. गोल झाला की आनंद जरूर करावा, मुलांनी नाही करायचा तर कुणी करायचा? पण दोन बॅक आणि गोलरक्षक यांनी जागा सोडायची नाही असा दंडक घालून द्यावा. आणि सगळे जागेवर आले की कर्णधाराने मोठ्याने ओरडावे, ‘पाच मिनिटं!’ त्या पाच मिनिटांत कुणी चमकायचे नाही. सोपा पास, जवळचा पास, आणि अडचण आली तर चेंडू सरळ रेषेबाहेर.

दोन. सरावाचा सामना नेहमी शून्यापासून सुरू करू नये. आठवड्यातून एकदा ‘आपण दोन गोलांनी पुढे आहोत आणि पंधरा मिनिटे उरली आहेत’ असे धरून खेळवावे. मग बाजू बदलून दोन गोलांनी मागे असल्याचे धरून खेळवावे. आघाडी राखणे ही शिकायची विद्या आहे, ती आपोआप येत नाही. गणितात हातचा धरायला आपण शिकवतोच की!

तीन. ऊन, वारा आणि दम यांचा हिशेब करावा. एप्रिलच्या उन्हात पहिली दहा मिनिटे सगळ्यांनी सुसाट धावायचे आणि मग कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, हे आपल्याकडे सर्रास दिसते. पहिला गोल लवकर होण्याचे आणि शेवटचे गोल आपल्यावर होण्याचे पुष्कळदा एकच कारण असते, ते हे.

चार. शिक्षकांनी एक वही ठेवावी. आपल्यावर गोल झाला की तो कुणी सोडला हे लिहू नये. त्याआधी चेंडू आपल्याकडून कुठे गेला आणि त्या वेळी बाकीचे कुठे होते, हे लिहावे. ही शेवटची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती का, हे सांगून मी थांबणार आहे.

१९५० साली ब्राझीलमध्ये, रिओच्या माराकाना मैदानावर, विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरली असती. मध्यंतरानंतर दुसऱ्याच मिनिटाला फ्रियासाने गोल करून त्यांना आघाडीही मिळवून दिली. तेव्हा उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला याने काय करावे? त्याने चेंडू काखेत धरला, सावकाश चालत आला आणि पंचांशी वाद घालू लागला. तेवढ्यात मैदानावरचा तो जल्लोष थोडा निवला. मग उरुग्वेच्या गिजाने उजव्या बगलेने घुसून चेंडू आत टाकला आणि स्कियाफिनोने बरोबरी केली. तेरा मिनिटांनी तोच गिजा, तीच उजवी बगल. या वेळी त्याने चेंडू आत न टाकता जवळच्या खांबाकडून सरळ मारला. गोलरक्षक बार्बोसाने तो आत टाकेल असे धरले होते. दोन-एक. ब्राझील हरले.

विचार करा. एकाच वाटेने दोनदा चोर आला. दुसऱ्या खेपेला ती वाट अडवायला किती जण धावले? पण देशाने दोष दिला तो मुख्यतः बार्बोसाला. एका गोलासाठी माणसाने किती वर्षे बोलणी खावीत? बार्बोसा वारला तो २००० साली. पन्नास वर्षे तो डाग त्याच्या नावावरून पुसला गेला नाही.

याच्या उलट एक गोष्ट आहे. १९५४ च्याच स्पर्धेत लोझान शहरी कडक उन्हात स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांचा सामना झाला. एकोणीस मिनिटांत स्वित्झर्लंड तीन-शून्य पुढे! कारण ऑस्ट्रियाच्या गोलरक्षकाला, श्मीडला, ऊन लागले होते, त्याला भोवळ येत होती. बदली खेळाडू नाही, म्हणून बिचारा तसाच उभा राहिला. त्याच्या सोबत्यांनी त्याला दोष दिला नाही की मान टाकली नाही. तीन मिनिटांत त्यांनी तीन गोल परत केले आणि शेवटी सात-पाच असा सामना जिंकला. गोलरक्षक दोन्हीकडे होता. फरक होता तो बाकीच्या दहा जणांत.

हे वाचले आणि मी आमच्या त्या सामन्याची उजळणी केली. आमच्यावर झालेल्या तिन्ही गोलांआधी चेंडू कुठे गेला ते पोरांकडूनच आठवून घेतले आणि फळ्यावर मांडले. पहिल्या गोलाच्या वेळी दोघे फॉरवर्ड अजून टाळ्या देत होते. दुसऱ्याच्या वेळी लेफ्ट हाफ तिसरा गोल करायला पुढे गेलेला होता. तिसऱ्याच्या वेळी सहा जण चालत होते, धावत नव्हते. आणि बाहेर उभे राहून ‘अजून एक, अजून एक!’ असे ओरडणारा कोण होता? मी. तेही फळ्यावर लिहिले. वर्गात हशा झाला, मग शांतता झाली. मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांसमोर त्याला म्हणालो, “चूक माझी होती. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर परत ये.” तो काही बोलला नाही. आठवड्याने सरावाला आला.

त्या मोसमात आम्ही आणखी एक सामना आघाडी घेऊन हरलो, हे कबूल केले पाहिजे. विद्या एका दिवसात येत नाही. पण त्यानंतर जर्सी परत करायला कुणी आले नाही. शिक्षक बंधूंनो, करंडक आज ना उद्या मिळेल. मुलगा मैदान सोडून गेला तर तो परत मिळेलच असे नाही. पुढच्या वेळी आपला संघ आधी गोल करील, तेव्हा ‘पाच मिनिटं!’ म्हणून ओरडायला विसरू नका. आणि तरीही घोळ झालाच, तर आधी वही उघडा, मग तोंड.